पेवात सोडायचा कंदील

मी एक जुना कंदील आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. दिवे म्हटले की स्वतःच्या उजेडाची बढाई मारतात. मला ती सोय नाही. माझी काच एका बाजूनं कायम काजळलेली असायची आणि वात जरा वर केली की मी धुराचे लोट सोडायचो. घरात माझी जी काही किंमत होती, ती मी वेळेवर विझतो म्हणून होती.

हसू नका. आधी सगळं ऐका.

मी मिळालो येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत. एका दुकानात दोरीला टांगलेला होतो. दगडोबा नावाचे शेतकरी आणि त्यांची बायको धुरपदाबाई कंदील घ्यायला आले होते. दगडोबांना शेजारचा चकचकीत कंदील आवडला होता. धुरपदाबाईंनी मात्र प्रत्येकाची तारेची कडी ओढून पाहिली. माझी कडी जाड होती. "ह्यो दोराला धरंल," त्या म्हणाल्या आणि माझी निवड झाली. कंदील दोराला कशाला धरायला हवा, हे मला तेव्हा कळलं नाही. घरी गेल्यावर कळलं.

त्यांचं घर उतारावर होतं. वरच्या अंगाला काळ्या मातीचं रान, मध्ये घर आणि गोठा, आणि गोठ्याला लागूनच पांढऱ्या मातीच्या उंचवट्यात एक पेव. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. आकार घागरीसारखा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतून चिकणमातीचा आणि शेणाचा गिलावा करायचा, कडब्याच्या पेंढ्या लावायच्या आणि त्यात ज्वारी ओतायची. मग तोंडावर फरशी ठेवून ती शेणामातीनं घट्ट लिंपायची. ज्वारीचा दाणा जिवंत असतो, तोही श्वास घेतो. बंद पेवात तो श्वास घेत राहतो आणि हळूहळू आतली चांगली हवा संपून जाते. मग तिथं सोंडा किडा जगत नाही, धान्याचं पाखरू जगत नाही. औषध न मारता, गोळी न टाकता ज्वारी वर्षानुवर्षं टिकते.

आता यातली मेख बघा. ज्या हवेत किडा जगत नाही, त्या हवेत माणूसही जगत नाही. ती हवा डोळ्यांना दिसत नाही. माणूस आत उतरतो, दोन श्वास घेतो आणि ओरडायच्या आत खाली बसतो.

म्हणून मी होतो. पेव उघडायच्या दिवशी मला राखेनं घासत, कुंकवाचं बोट लावत आणि पेटवून दोरानं खाली सोडत. धुरपदाबाई पेवाच्या तोंडाशी बसत. मी खाली जात असताना वर कुणी बोलायचं नाही अशी रीत होती. लहान मूल रडायला लागलं तर त्याला घेऊन बाई घरात जायची. त्या शांततेत मी उतरत जायचो. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? खालचा काळोख जवळ आला की माझी ज्योत आखडायची, निळी पडायची आणि मी विझायचो. मला वर ओढत आणि दगडोबा म्हणत, "राखलं बाबा यानं." मग लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून पेवात खालीवर करत, हवा ढवळून काढत आणि पुन्हा मला सोडत. मी तळाशी जळत राहिलो की मगच माणूस उतरे, तोही काखेखालून दोर बांधून. आणि आतल्या माणसानं टोपली भरली की "हं" म्हणायचं, म्हणजे वरचे टोपली ओढत. ते "हं" माझ्या कानांना फार गोड वाटायचं.

असा माझा मान होता, मित्रांनो. पण दगडोबा गेले. ज्वारी पोत्यात भरून गोळ्या टाकून ठेवायची पद्धत आली, पेवाचं तोंड बंदच राहिलं आणि रेशनवरचं रॉकेलही बंद झालं. मला गोठ्याच्या पेवाकडच्या लाकडी मेढीला खिळ्यावर अडकवून टाकलं. माझ्या काचेत एका कोळ्यानं घर केलं, आणि त्याच्याकडं भाडं मागायलाही कुणी फिरकलं नाही. धुरपदाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. घर त्यांचा मुलगा मच्छिंद्र, सून शिवकांता आणि नातू शंभू चालवू लागले. त्यांनी काही मला टाकून दिलं नाही. फक्त विसरले.

मग एका हिवाळ्यात भाग्यश्री मॅडम आल्या. त्या कृषी संशोधन केंद्रात काम करत. धान्य गोळ्यांशिवाय कसं टिकवायचं, याचा त्या अभ्यास करत होत्या आणि जुनी पेवं शोधत गावोगाव फिरत होत्या. पेव पाहून त्या इतक्या खूश झाल्या की फरशी सरकवायला लावून, बूट काढून तोंडाशी पालथ्या पडून आत बघायला लागल्या. त्यांनी मच्छिंद्रला विचारलं की या वर्षीची ज्वारी पेवात भराल का. दाण्याची चव, उगवण, कीड, सगळं त्या तपासणार होत्या. मच्छिंद्र लगेच तयार झाला. बापाचं पेव पुन्हा भरायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला, हे मी मेढीवरून स्वतः पाहिलं.

पण मॅडमचं दुसरंही एक काम होतं, ते मातीचं. पेवाच्या वरच्या अंगाला जे रान होतं, त्यात मच्छिंद्र ऊस घेई आणि ऊस गेला की मागं उरलेलं वाळलेल्या पानांचं पाचट पेटवून देई. सगळेच देत. मॅडमनी त्या रानातलं एक ढेकूळ आणलं आणि बांधावरच्या गवताखालचं एक आणलं. गोठ्यात, माझ्या अगदी खाली, पाण्यानं भरलेल्या दोन बरण्या ठेवल्या आणि दोन्ही ढेकळं जाळीवर ठेवून पाण्यात सोडली. बांधावरचं ढेकूळ तसंच राहिलं. रानातलं बघता बघता विरघळलं आणि पाणी चहासारखं गढूळ झालं.

मॅडमनी समजावून सांगितलं की पाचट, शेण, मुळं कुजून मातीत जो कस येतो, तोच मातीच्या कणांना धरून ठेवतो. तो जळून गेला. आता पाऊस आला की वरची माती विरघळून घट्ट पापुद्रा धरणार, पाणी आत मुरणार नाही, ते उतारानं पळत सुटणार. आणि उतारावर काय आहे? पेव. "पेव भरा," त्या म्हणाल्या, "पण पावसाच्या आधी वरच्या बाजूला चर खोदा. आणि उघडताना मला बोलवा, मच्छिंद्रभाऊ. माझ्याकडं हवा मोजायचं यंत्र आहे."

"खांदू की उन्हाळ्यात," मच्छिंद्र म्हणाला. त्यात लबाडी नव्हती. त्याला खरंच खोदायचं होतं. ज्वारी निघाली, खळं झालं, पेव निम्म्यापर्यंत भरून लिंपलं गेलं. चराचं काम मात्र मशीन मिळत नाही म्हणून आज, उद्या करत राहिलं.

मे महिन्यात अवकाळी पाऊस कोसळला. मी मेढीवरून बघत होतो. वरच्या रानातून पाणी आलं ते चहाच्या रंगाचं. मला त्या बरणीची आठवण झाली. पाणी गोठ्याला वळसा घालून थेट उंचवट्याला भिडलं आणि पेवाच्या भोवती तळं करून उभं राहिलं. मच्छिंद्र आणि शंभू फावडी घेऊन धावले, पाण्याला वाट करून दिली, पण तोवर बरंच पाणी मातीत उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मच्छिंद्रचा जीव थाऱ्यावर नव्हता. ज्वारी भिजली असेल तर आत सडणार, एक एक तास महत्त्वाचा. त्यानं मॅडमना फोन लावला. त्यांनी सांगितलं की मी निघते, दुपारपर्यंत पोचते, मी येईपर्यंत कुणी आत उतरू नका. पण दुपार झाली, तुळजापूरकडचं आभाळ पुन्हा काळं व्हायला लागलं आणि मॅडमचा पत्ता नव्हता. मच्छिंद्र एकदा आभाळाकडं बघे, एकदा रस्त्याकडं. शेवटी त्यानं पहार उचलली आणि फरशी सरकवली.

आंबूस वास माझ्यापर्यंत आला. मित्रांनो, तो वास मला ओळखीचा होता. ओला दाणा जोरात श्वास घेतो, आंबतो, आणि त्या अरुंद तोंडाच्या पेवात वाईट हवा काठोकाठ साठते. इतकी वाईट हवा मी माझ्या उमेदीच्या काळातही क्वचित पाहिली असेल.

धुरपदाबाईंना धरून आणून पेवाच्या तोंडाशी, माझ्या मेढीजवळ बसवलं. त्या बसताच म्हणाल्या, "आधी दिवा सोडा."

रीत कुणी विसरलं नव्हतं, फक्त तिचं कारण विसरले होते, हे लक्षात घ्या. मच्छिंद्र स्वतः माझ्याकडं आला. त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि कानाशी धरून हलवलं. आत थेंबही नव्हता. पुन्हा भरायला घरात रॉकेल नव्हतं. वर आभाळ गडगडलं. तेवढ्यात शंभू घरातून बॅटरी घेऊन आला, ती मोठी, चार्जिंगची, विहिरीचा तळ दाखवणारी. मच्छिंद्रनं मला परत खिळ्याला अडकवलं आणि बॅटरी दोराला बांधली.

माझ्या पत्र्यावर काटा आला. मला ओरडायचं होतं. अरे, ती विझणार नाही, तिला श्वास लागत नाही! बॅटरीचा यात काही दोष नव्हता. तिला उजेड पाडायला सांगितलं होतं आणि तिनं तो मन लावून पाडला. पण पेवात उजेड पडतो की नाही, हा प्रश्नच नव्हता. तिथं श्वास घेता येतो की नाही, हा प्रश्न होता. तो मला विचारायचा असतो, कारण मलाही श्वास लागतो.

रीतीप्रमाणे सगळे गप्प बसले. शिवकांतानं पदर तोंडाला लावला. दोर खाली खाली गेला.

"जळतोय का रं?" धुरपदाबाईंनी विचारलं. त्यांना आता नुसता उजेड-अंधार कळत असे.

"जळतोय, माय. लख्ख जळतोय."

"इझला न्हाय ना?"

"न्हाय."

"मग उतर. दोर बांधून उतर."

मच्छिंद्र काखेखालून दोर बांधून उतरला. हात वर केले की कसाबसा एक माणूस जाईल एवढंच ते तोंड होतं. शंभू आणि शिवकांता दोर धरून उभे राहिले. खालून आवाज आला की वरची ज्वारी कोरडी आहे, बाजूची भिजली आहे. शिवकांतानं देवीचं नाव घेतलं. टोपली भरली. "हं." टोपली वर आली, ज्वारी ताडपत्रीवर ओतली. टोपली पुन्हा खाली गेली.

मी वाट बघत होतो. मेढीला टांगलेल्या कंदिलाला दुसरं काय करता येतं?

ज्वारी उपसायला माणूस वाकतो, आणि वाईट हवा खालीच दाट असते. दुसरं "हं" जरा उशिरा आलं आणि जड आलं. मी ते ओळखलं. वर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पहिला थेंब पडला होता आणि शंभू ताडपत्री ओढत होता. तिसरी टोपली खाली गेली.

"आबा, भरली का?" शंभूनं विचारलं.

खालून काही आलं नाही.

"आबा?"

धुरपदाबाई चटकन उठायला गेल्या. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी मेढ धरली, आणि त्यांचा हात माझ्या काचेवर पडला. मी थंडगार होतो. त्यांनी मला चाचपलं. काच चाचपली, कडी चाचपली. ती जाड कडी त्यांच्या बोटांना पाठ होती.

"कंदील तर इथं हाय," त्या म्हणाल्या. "मग खाली काय सोडलंत?"

शंभूनं शर्ट काढून फेकला आणि पेवात पाय सोडले. आणि त्याच क्षणी भाग्यश्री मॅडमची स्कूटी अंगणात आली. रस्त्यात पुलावर पाणी चढलं होतं, म्हणून त्यांना उशीर झाला होता. त्यांना एका नजरेत सगळं समजलं. त्यांनी धावत येऊन शंभूचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"तू उतरलास तर दोघं जाल. दोर आहे ना बांधलेला? ओढा."

शंभू त्यांना हिसडा देत होता. त्याचा बाप खाली होता, त्याला कसं कळावं? तेव्हा धुरपदाबाई बोलल्या.

"शंभू, वर ये. माझं लेकरू खाली हाय, तरी म्या सांगतीय. वर ये आन् दोर धर."

शंभू वर आला. तिघांनी दोर धरला आणि ओढला. दोर वर आला, वर आला आणि अडकला. शुद्ध गेलेल्या माणसाचे हात वर होत नाहीत. मच्छिंद्रचे खांदे पेवाच्या गळ्यात अडकले होते. जोर लावावा तर हाडं मोडतील, सोडावं तर तो पुन्हा त्या हवेत जाईल. पावसाचे थेंब फरशीवर तडतडायला लागले.

"पंखा कुठंय, उफणायचा?" मॅडमनी विचारलं.

तो गोठ्यातच होता, माझ्या शेजारी. वीज होती, हे नशीब. शिवकांतानं एकटीनं तो ओढून आणला. इतका जड पंखा तिनं कसा हलवला, हे तिला आजही सांगता येत नाही. ताडपत्रीची गुंडाळी करून तिचं एक टोक पंख्याला लावलं आणि दुसरं पेवाच्या तोंडात खुपसलं. पंखा गरगरला. चांगली हवा आत जाऊ लागली आणि आंबूस वास उलटा बाहेर फेकला गेला. मॅडमनी दोर थोडा सैल सोडायला लावला, मग एका अंगानं ओढायला लावला. आधी एक खांदा निघाला. शंभूनं पालथं पडून बापाचं मनगट पकडलं. मग दुसरा खांदा निघाला.

मच्छिंद्रचे ओठ निळे होते. मॅडम त्याच्या छातीवर दाब देत होत्या, मोठ्यानं मोजत होत्या, तोंडानं श्वास भरत होत्या. पाऊस सगळ्यांना झोडपत होता. शिवकांता नवऱ्याचे पाय चोळत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हं म्हणा. नुसतं हं म्हणा."

मित्रांनो, मी आयुष्यभर विझत आलो. त्या दिवशी मात्र मी देवीला म्हणालो की याला विझू देऊ नकोस. वेळ गेला. किती गेला मला ठाऊक नाही. मग मच्छिंद्रच्या घशातून घरघर आली, तो खोकला, आणि त्यानं श्वास ओढला. धुरपदाबाईंनी तो आवाज ऐकला आणि त्या चिखलातच खाली बसल्या. रुग्णवाहिका आली तोवर तो डोळे उघडून आभाळाकडं बघत होता.

तो दवाखान्यात असताना गावातली माणसं पेव बघायला येऊन गेली. बहुतेकांनी बुजवून टाका म्हणून सांगितलं. शंभूनं फरशी परत तोंडावर ओढली होती आणि त्या बाजूला जायचंही तो टाळत होता. ती बॅटरी अजून आतच होती.

मच्छिंद्र घरी परतला तो काठी टेकत. सरळ गोठ्यात आला आणि मला खिळ्यावरून काढलं. कोळ्याचं जाळं फडक्यानं पुसलं. नवी वात घातली. मुरूम गावच्या बाजारातून कुणाकडून तरी बाटलीभर रॉकेल मागवलं होतं, ते भरलं. धुरपदाबाईंनी बोटांनी जागा शोधून मला कुंकू लावलं. भाग्यश्री मॅडमही यंत्र घेऊन आल्या होत्या. शेजारपाजारचे जमले होते, त्यांतले काही बुजवा म्हणणारेच होते.

फरशी सरकवली. आतल्या ओल्या ज्वारीनं पुन्हा पेव त्याच वाईट हवेनं भरून टाकलं होतं. मच्छिंद्रनं मला स्वतःच्या हातानं खाली सोडलं. दोर त्यानं मुठीला दोन वेढे देऊन धरला होता. वर कुणी बोललं नाही. इतक्या वर्षांनी मी त्या काळोखात उतरत होतो. खाली ज्वारीवर ती बॅटरी पडलेली दिसली. तिची चार्जिंग संपून गेली होती.

माझी ज्योत आखडली, निळी पडली आणि मी विझलो.

"जळतोय का रं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

मच्छिंद्र पेवावर वाकला. आपण कशात उतरलो होतो, ते तो आता डोळ्यांनी बघत होता. त्याच्या मागं उभ्या असलेल्या शंभूनं बापाचा सदरा मुठीत धरून ठेवला होता.

"इझला, माय," तो म्हणाला.

"मग थांबा," त्या म्हणाल्या.

आणि सगळे थांबले. पंखा लावला, मला पुन्हा सोडलं, मी पुन्हा विझलो, ते पुन्हा थांबले. मॅडमचं यंत्रही दर वेळी किंचाळत होतं आणि आमचं दोघांचं एकमत होतं. कुणी आभाळाकडं बघून घाई केली नाही. शेवटी मी तळाशी स्थिर जळत राहिलो, यंत्र गप्प झालं, तेव्हा शंभू काखेखालून दोर बांधून उतरला. मी त्याच्या शेजारीच होतो. कोरडी ज्वारी निघाली, तिच्यात एक सोंडा नव्हता. भिजून सडलेली उकिरड्यात गेली, तिचं खत होईल. वरच्या रानात आता चर आहे. यंदा ऊस गेल्यावर मच्छिंद्रनं पाचट पेटवलं नाही, सरीतच अंथरलं. शेजाऱ्यानं काडी पुढं केली तेव्हा त्यानं मान हलवून नको म्हटलं.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, माझ्या पत्र्याला आता भोकं पडतील. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरच्या मातीला उपाशी ठेवू नका, तिचं पाचट, तिचं शेण तिचं तिला द्या, म्हणजे ती पाणी धरील आणि तुमचं धान्य कोरडं राहील. आणि पेव असो, विहीर असो की बंद टाकी, उतरण्याआधी हवा तपासा. यंत्र असेल तर यंत्रानं. नसेल तर जिवंत ज्योत आधी खाली सोडा, माझ्यासारखी. पण ज्या टाकीत पेट्रोल, डिझेल, मैला किंवा गोबरगॅस असेल, तिथं काडीसुद्धा पेटवू नका, जाणकाराला बोलवा. आणि वर घाई झाली असेल, आभाळ भरून आलं असेल, तरी मी विझलो तर माझ्यावर चिडू नका. तुमच्यातलं कुणी विझू नये म्हणून मी विझलेलो असतो.